सत्तावीस म्हणजे बहात्तर

नीलाने पेन्सिलीचं टोक फरशीवर दाबून मुद्दाम मोडलं. मोडताना मी पाहिलं, आणि मी पाहिलं हे तिनेही पाहिलं. मला वाटलं, आता रडेल. ती रडली नाही. वही पालथी घातली, गुडघे पोटाशी घेतले आणि भिंतीकडे तोंड करून बसली.

मी वही उचलून पाहिली. पानभर गणितं होती आणि प्रत्येक गणितावर बाईंची तांबडी फुली. खाली शेरा, ‘पुन्हा करून आणणे.’ त्या आठवड्यात हा शेरा रोजचाच झाला होता.

यातलं काय येत नाही ते तरी सांग, असं मी म्हटलं. ती भिंतीलाच म्हणाली, "मला सगळं येतंय."

या गोष्टीला तीसहून जास्त वर्षं होऊन गेली. तेव्हा आम्ही वाईला राहत होतो. आमचे हे, शशिकांत विभूते, पाटबंधारे खात्यात होते आणि रोज सायकलने धरणावर जायचे. माझं लग्न उशिरा झालं. तोवर मी एका छापखान्यात प्रुफं तपासायची. ह्यांचं हे दुसरं लग्न. पहिली बायको गिरिजा, गोकाकची. आमच्या लिंगायत समाजात सीमेपलीकडे सोयरीक होणं काही नवीन नव्हतं, कानडी-मराठीचा बाऊ कोणी करत नसे. गिरिजा गेली तेव्हा नीला तीन वर्षांची होती. तिला गोकाकच्या अज्जीने सांभाळलं. पुढे अज्जीचे डोळे अधू झाले, इकडे आमचं लग्न झालं, आणि जूनमध्ये हे जाऊन मुलीला घेऊन आले. चौथीत नाव घातलं. शाळा आमच्याच आळीत होती.

मला हाक काय मारायची, हा तिच्यापुढे पेच होता. अज्जीने सांगून पाठवलं होतं, चिक्कव्वा म्हण, म्हणजे धाकटी आई. वडील म्हणाले, आई म्हण. तिने दोन्ही नावं बाजूला ठेवली आणि मला काहीच म्हणायची नाही. काही हवं असेल तर माझ्याजवळ येऊन उभी राहायची, माझं लक्ष जाईपर्यंत. पुढे ती मला चिक्कव्वा म्हणू लागली, आजही म्हणते. पण तेव्हा नाही.

मराठी तिला बरं यायचं. ह्यांच्याशी लहानपणापासून बोलत आलेली, शिवाय गोकाकच्या बाजारात मराठी कानावर पडतंच. बोलण्याला तिकडचा हेल होता, ‘असतंय’, ‘करतंय’, ‘म्हंजे’, पण अडायचं नाही. देवनागरी अक्षरं तिने दोन महिन्यांत गिरवून घेतली. मराठीच्या तासाला ती तरली. गणितात बुडाली.

त्या दिवशी मी पेन्सिलीला नवं टोक काढून दिलं आणि वहीच्या फुल्यांकडे दुर्लक्ष करून गणिताचं पुस्तक उघडलं. त्यातली पाच-सहा गणितं दाखवून म्हटलं, ही कर. एवढी केलीस की खेळायला जा. तिने पुस्तक पुढे ओढलं. ओठ हलत होते, आवाज नव्हता. भराभर आकडे मांडत गेली. हातचे चुकले नाहीत, वजाबाकीतलं उसनं चुकलं नाही. मी तपासायला घेतली तर सगळी बरोबर.

मी म्हटलं, अजून दोन कर. तिने केली. तीही बरोबर.

मग मी मघाची वही परत काढली आणि प्रत्येक गणित स्वतः करून पाहिलं. बहात्तर अधिक चौपन्न, उत्तर एकशे सव्वीस. बरोबर. शहाऐंशी वजा तेरा, उत्तर त्र्याहत्तर. तेही बरोबर. त्यावरही फुली. पानभर बरोबर गणितं आणि पानभर फुल्या. बाईंचं काही चुकतंय का, असंही क्षणभर मनात आलं. पण खामकरबाई काही अशा नव्हत्या. आळीतली निम्मी मुलं त्यांच्या हाताखालून गेलेली. मी विचार करत बसले, तोवर नीला उठून अंगणात गेलीसुद्धा.

दोन दिवसांनी हे शाळेत जाऊन आले. बाईंनी बोलावून घेतलं होतं. सायकल लावली आणि कपडेही न बदलता बसून राहिले. बाई म्हणाल्या होत्या, मुलगी गुणी आहे, पण संख्याज्ञानच नाही. पाढे म्हणायला उभी केली की गप्प उभी राहते. तोंडी गणित घातलं की भलतंच उत्तर देते. दिवाळीनंतर तिला दुसरीच्या वर्गात बसवू, पाया तरी पक्का होईल. एक चाचणी घेते, त्यानंतर काय ते ठरवू.

ह्यांचं मात्र तेवढ्यातच ठरलं होतं. म्हणाले, दिवाळीत तिला गोकाकला पोचवतो. ती मुद्दाम करते आहे. तिला इथे राहायचं नाही, एवढाच त्याचा अर्थ. नऊ वर्षांच्या घोडीला दुसरीत बसवून तिचं हसं कशाला करायचं?

मुद्दाम. मीही तोच विचार करत होते, खोटं कशाला बोलू. पेन्सिलीचं टोक मुद्दाम मोडणारी मुलगी गणितं मुद्दाम चुकवू शकते. पण एक गोष्ट पटत नव्हती. मुद्दाम चुकवणाऱ्याला उत्तर चुकवणं सोपं. इथे उत्तरं बरोबर होती. चुकत होतं ते उत्तराच्या आधीचं काहीतरी.

छापखान्यात असताना मला एक सवय लागली होती. अक्षरांचे शिशाचे खिळे जुळवणारे चार-पाच जुळारी होते, आणि प्रत्येकाच्या चुकांना स्वतःचा स्वभाव असायचा. एक जण ब आणि व यांची अदलाबदल करायचा. दुसऱ्याचा अनुस्वार पुढच्या अक्षरावर जाऊन बसायचा. प्रूफ हातात घेतलं की कोणी जुळवलंय हे न विचारता कळायचं. चूक वाटेल तशी होत नाही, तिच्यामागे माणसाचा हात नाही तर कान असतो, हे मी तिथे शिकले. म्हणून मी ह्यांना म्हटलं, चाचणीपर्यंत मला तिच्याजवळ बसू द्या. ते म्हणाले, बस. पण उगाच जिवाला लावून घेऊ नकोस.

दुसऱ्या दिवशी शाळेतून आल्यावर मी तिला विचारलं, बाई गणितं फळ्यावर लिहून देतात का? ती म्हणाली, नाही, बाई सांगतात, आम्ही लिहून घेतो. मी मेथी निवडत बसले होते. तिच्या हातात पाटी दिली आणि म्हटलं, मी सांगते तसे नुसते आकडे लिही. गणित नको, काही नको.

"सत्तावीस," मी म्हटलं.

तिने बहात्तर लिहिले.

मी चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही. पंचेचाळीस म्हटलं. तिने चौपन्न लिहिले. अडुसष्टचे शहाऐंशी झाले. बारा मात्र बाराच आले, सोळाचे सोळा, चाळीसचे चाळीस. मेथीची जुडी तशीच राहिली. उलटापालट! खिळे उलटे लागले की दिसतं तसं. इतकं सोपं? मला इतका आनंद झाला की लगेच ह्यांना सांगावं असं वाटलं. पण हे यायला वेळ होता, म्हणून मी आणखी एक संख्या सांगितली.

"एकोणसाठ."

माझ्या हिशेबाने तिने पंच्याण्णव लिहायला हवे होते. तिने सोळा लिहिले.

मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. परत म्हटलं, एकोणसाठ. तिने त्या सोळाकडे बोट दाखवलं, लिहिलंय की, अशा अर्थाने. एकोणतीस सांगितले, तेरा लिहिले. एकोणऐंशी सांगितले, अठरा. उलटापालटीचा नियम इथे लागूच होत नव्हता. आणि तरीही पोर अडखळत नव्हती, खोडत नव्हती. खात्री असलेल्या माणसासारखी लिहीत होती.

ती रात्र माझी त्या सोळामध्ये गेली. सकाळी भाकऱ्या थापताना तेच. एकोणसाठ, सोळा. एकोणसाठ, सोळा. एक भाकरी करपली तेव्हा भानावर आले. अशा वेळी स्वतःच डोकं लढवत बसण्यात अर्थ नसतो, जुळाऱ्यालाच जाऊन विचारावं लागतं. पण जुळाऱ्याला ‘चूक का केलीस’ असं विचारलं तर तो कधीच काही सांगत नाही, हेही मला माहीत होतं.

संध्याकाळी मी पाटी घेऊन तिच्याजवळ बसले. म्हटलं, आज तू मला शिकव. सत्तावीस मला लिहायचे आहेत. मी काय करू?

ती माझ्याकडे संशयाने पाहू लागली. थट्टा नाही हे कळल्यावर म्हणाली, "सत्ता म्हंजे सात. वीस म्हंजे दोन. सात, दोन. जसं ऐकू येतंय तसं लिहायचं."

"आणि एकोणसाठ?"

"एक. साठ म्हंजे सहा. एक, सहा."

मी पाटीकडे पाहत राहिले. एक, सहा. सोळा. यात चुकीचं काय होतं? कानाला जे आधी आलं ते आधी लिहिलं. वाचताना आपण डावीकडून उजवीकडे जातो, बोलतानाही शब्द एकामागून एक येतात. मग आकडेही तसेच यायला हवेत, हे कोणत्याही शहाण्या माणसाला वाटेल. मी जन्मभर सत्तावीस म्हणत आले आणि त्यात आधी सात येतात, मग वीस, हे माझ्या कानाला एकदाही ऐकू आलं नव्हतं.

"पण सोळाचे पण सोळाच लिहितेस," मी म्हटलं. "मग सोळा आणि एकोणसाठ एकच?"

"तेच मला कळत न्हाई," ती म्हणाली. तिचा आवाज पहिल्यांदाच चढला. "तुमच्यात एकाच आकड्याला दोन नावं का असतात?"

तुमच्यात, ती म्हणाली. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. मी विचारलं, "तुमच्यात कसं असतं?"

तिने दाराकडे पाहिलं. हे अजून आलेले नव्हते. मी म्हटलं, घरात आपण दोघीच आहोत. तरी ती बोलेना. शेवटी पुटपुटली, अप्पांनी सांगितलंय कानडी बोलायचं नाही. शाळेत नाही आणि घरातही नाही. आकडे तर मुळीच म्हणायचे नाहीत.

मला ही गोष्ट ठाऊक नव्हती. मी म्हटलं, बोलू नकोस मग. हळूच माझ्या कानात सांग, ते बोलणं नाही. तिला ही पळवाट पटली. ती जवळ सरकली आणि माझ्या कानाशी तोंड आणून म्हणाली, "इप्पत्तेळु."

"म्हणजे?"

"इप्पत्तु म्हंजे वीस. एळु म्हंजे सात. वीस, सात." मग तिने आपणहून पुढचं सांगितलं. एकोणसाठ म्हणजे ऐवत्तोंबत्तु. पन्नास, नऊ. अडुसष्ट म्हणजे अरवत्तेंटु. साठ, आठ. आधी मोठा, मागून धाकटा, आणि लिहायचंही तसंच. तिचे हलणारे ओठ काय म्हणत होते ते मला आता कळलं. सगळी आकडेमोड ती तिकडच्या भाषेत करत होती, आणि आवाज गिळत होती. पाढे तिला सगळे येत होते. वर्गात उभं केल्यावर तोंडातून कानडी निघेल या भीतीने ती तोंडच उघडत नव्हती.

मग आम्ही मराठीकडे वळलो. मी तिला सांगितलं, आमच्यात धाकटा आधी येतो आणि मोठा मागून, म्हणून ऐकलं की थांबायचं, मागचा आधी लिहायचा, मग पुढचा. हे तिला चटकन जमलं. एकोणचं मात्र समजावून सांगावं लागलं. मी म्हटलं, यातलं ‘एकोण’ म्हणजे नुसतं एक नाही, एक उणे. साठाला एक कमी.

"मग सरळ पन्नास-नऊ का म्हणत न्हाई?"

"माहीत नाही. पूर्वीपासून म्हणतात."

ती विचारात पडली. बोटं दुमडत काहीतरी म्हणत राहिली. एकोणतीस, एकोणचाळीस, एकोणपन्नास असं करत एकोणनव्वदपर्यंत पोचली आणि थांबली. मग मान वर करून म्हणाली, "मग नव्याण्णव का? एकोणशंभर का न्हाई?"

छापखान्यात मी हजारो पानं वाचली होती, पण हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता आणि मी स्वतःलाही विचारला नव्हता. मी म्हटलं, मला खरंच माहीत नाही. तिला वाटलं मी टाळते आहे. मी शपथ घेतल्यासारखं गळ्याला हात लावला, तेव्हा ती खुदकन हसली. आमच्या घरात आल्यापासून तिचं हसणं मी पहिल्यांदा ऐकलं. मोठ्या माणसालाही एखादी गोष्ट येत नाही, याचं तिला बरं वाटलं असावं.

ह्यांना सांगायचं तर होतंच. जेवणं झाल्यावर नीला शेजारच्या मुलींकडे गेली, तेव्हा हे मागच्या अंगणात दोरीवरचे कपडे काढत होते. मी मदतीला गेले आणि सगळं सांगितलं. सत्तावीस, बहात्तर, एकोणसाठ, सोळा. माझा उत्साह उतू जात होता. मुलगी ढ नाही, मुद्दामही करत नाही, गणितात तिचा हात धरणारं वर्गात कोणी नसेल. फक्त ती मनात कानडीत मोजते.

कानडी म्हटल्याबरोबर ह्यांचा हात थांबला. "मी तिला बजावलं होतं," ते म्हणाले.

मी म्हटलं, मोजायला जिथे शिकलो तिथल्याच भाषेत माणूस मोजतो. बजावून ते थांबत नाही, फक्त आतल्या आत होतं. दुसरं काही बोलायला तिला बंदी करा हवी तर, पण आकडे कशाला? एवढंच का, की मुलं हसतील?

ह्यांनी एक चादर घडी केली, परत उलगडली, परत घडी केली. मला वाटलं रागावले. मी आत जायला निघाले तेव्हा म्हणाले, "प्रमिला, थांब."

आणि माझ्याकडे न बघता सांगू लागले.

गिरिजा शेवटी मिरजेच्या इस्पितळात होती. वेदना फार. दुखणं थांबवायचं इंजेक्शन दिल्यावर ते लागू पडायला जरा वेळ जायचा, आणि तो वेळ तिला काढवत नसे. ओरडायची तिला लाज वाटायची, खोलीत इतर बायका होत्या. म्हणून ती मोजायची. ओंदु, एरडु, मूरु. ह्यांचा हात धरून, डोळे मिटून, एकसारखी. पन्नास-साठच्या पुढे गेली की आवाज बारीक व्हायचा. सत्तरच्या आसपास झोप लागायची. दिवसातून कितीदा तरी. हे शेजारी बसून ऐकायचे आणि मनात म्हणायचे, लवकर सत्तर येऊ दे.

"नीलाला आणलं तेव्हा पहिल्याच दिवशी ती अंगणात दोरीच्या उड्या मारत होती," हे म्हणाले. "मोजत होती. आवाज तोच. अगदी तोच. मी सायकल घेतली आणि धरणापर्यंत गेलो. रविवार होता, काम काही नव्हतं."

मी त्यांच्या हातातली चादर घेतली. मी गिरिजाला कधी पाहिलं नव्हतं. तिचा घरात एक फोटो होता, त्यात ती हसत नव्हती. त्या दिवशी मला पहिल्यांदा तिचा आवाज कसा असेल याचं कुतूहल वाटलं, आणि तो आवाज आमच्या घरात रोज पाटीवर ओठ हलवत बसतो हेही कळलं. शेजारून मुलींच्या ओरडत खेळण्याचा आवाज येत होता. मी विचारलं, "तिला माहीत आहे का हे?"

"तिला कसं माहीत असणार?"

"मग तिला वाटत असेल, आपल्या तोंडून काहीतरी वाईट निघतं."

हे घरात गेले.

सकाळी मी शाळेत गेले. खामकरबाईंनी आधी घाईघाईत ऐकलं, मग हातातलं काम बाजूला ठेवून ऐकलं. नीलाला बोलावलं आणि दोन-चार संख्या सांगून पाहिल्या. मग स्वतःशीच हळूहळू म्हणून पाहिलं, सत्तावीस, पंचेचाळीस, आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या की, अहो, खरंच उलटं आहे की आपलं. एवढी वर्षं शिकवतेय. चाचणीत संख्या तोंडी सांगितल्यावर फळ्यावरही लिहीन, असं त्यांनी आपणहून कबूल केलं. नीला म्हणाली, नको. बाईंनी विचारलं, का? ती म्हणाली, मला आता ऐकून लिहायचं कसं ते कळलंय.

पुढचे आठ-दहा दिवस आम्ही दोघी स्वयंपाकघरात तेच करत होतो. मी संख्या सांगायची, ती क्षणभर थांबायची, डोळे वर करून दोन्ही तुकडे जागच्या जागी लावायची आणि लिहायची. हळूहळू ते थांबणं कमी होत गेलं. मोबदल्यात मला कानडी शिकावं लागलं. ही तिची अट होती. माझं ‘एळु’ तिला पसंत पडायचं नाही. जीभ अजून मागे न्या, म्हणायची. हे घरी आले की आम्ही मराठीवर यायचो. कोणी ठरवलं नव्हतं, पण सायकलचा आवाज आला की दोघीही गप्प.

चाचणीत तिचं एक गणित चुकलं. तेही घाईने. दुसरीत बसवण्याची गोष्ट बाईंनी परत काढली नाही. हे निकाल घेऊन आले, माझ्या हातात दिला आणि चहा मागितला. गोकाकचं काय, ते मी विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही. त्या दिवाळीला आम्ही तिघंही गोकाकला गेलो आणि तिघंही परत आलो, हे आत्ताच सांगून टाकते. पण त्याच्या आधीचा एक रविवार सांगायचा आहे.

दुपारची वेळ होती. मी आणि नीला मागच्या अंगणात शेंगा फोडत होतो. हे बाजारात गेले होते. नीला माझी परीक्षा घेत होती, मी चाळीसच्या घरात अडखळत होते आणि ती मोठमोठ्याने मला सुधारत होती. बोलण्याच्या नादात सायकल आलेली आम्हाला कळली नाही. मी मान वळवली तेव्हा हे पिशवी घेऊन दारात उभे होते. केव्हापासून, कोण जाणे.

नीलाच्या हातातली शेंग तशीच राहिली. मी काहीतरी बोलणार होते, पण हे पिशवी खाली ठेवून उंबऱ्यावर बसले.

"थांबलीस का?" त्यांनी विचारलं.

नीला माझ्याकडे बघू लागली.

"म्हण," हे म्हणाले. "पहिल्यापासून म्हण."

तिने सुरुवात केली. ओंदु, एरडु, मूरु. पहिल्यांदा आवाज अगदी खाली होता, मग वडील रागावत नाहीत असं पाहून मोकळा झाला. मी शेंगा फोडायची थांबले होते. हे खाली फरशीकडे बघत होते आणि त्यांची बोटं गुडघ्यावर घट्ट रोवलेली होती. तीस गेले, चाळीस गेले. पन्नासच्या पुढे त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं, आता उठतील, सायकल घेतील. नीलाला सांगावं का, पुरे म्हणून? पण मी तिला अडवलं नाही. अरवत्तु आलं. एप्पत्तु आलं, सत्तर.

एप्पत्तोंदु. एप्पत्तेरडु.

ह्यांनी डोळे उघडले. नीला आता लयीत आली होती, मान हलवत होती, तिला थांबायचं कारणच नव्हतं. ऐंशी ओलांडले, नव्वद ओलांडले. हे तिच्याकडे असे बघत होते, जणू कधी न पाहिलेल्या गावाच्या वेशीवरून कोणी त्यांना आत घेऊन चाललं होतं. शेवटी ती एका दमात म्हणाली, "नूरु," आणि शेंग तोंडात टाकली.

मग ह्यांनी विचारलं, "पुढे?"

"पुढे म्हंजे?"

"शंभराच्या पुढे काय म्हणतात?"

"तुम्हाला येत न्हाई?" नीलाने आश्चर्याने विचारलं. त्यांना कानडी येतं हे तिला पक्कं माहीत होतं.

"तिथपर्यंत कधी गेलो नाही," हे म्हणाले.

ती उठली, फ्रॉकवरची टरफलं झटकली आणि त्यांच्याजवळ उंबऱ्यावर जाऊन बसली. मला शिकवताना करायची तसं बोट वर केलं.

"नूरा ओंदु," ती म्हणाली. "म्हणा."

"नूरा ओंदु," हे म्हणाले.